पेल्यावर घातलेलं नाव

लग्न होऊन मी समुद्रपूरकडून आर्वीला आले तेव्हा सासरी एक आवाज मला काही केल्या सोसायचा नाही. भांड्यावर नाव घालायच्या मशीनचा. आमचं भांड्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. जाडसर पेनाएवढं ते मशीन बटण दाबलं की घर्र करत स्टीलवर चालायचं आणि स्वयंपाकघरात माझे दात आंबायचे. लग्नसराईत तर सकाळपासून दिवे लागेपर्यंत हेच. आमच्याकडे आहेरात ताट द्या नाहीतर परात द्या, देणाऱ्याचं नाव काठावर आल्याशिवाय ते देणं पुरं होत नाही. नवऱ्याचा हात त्यात चांगला बसलेला होता. शाळेतल्या फळ्यावर असावं तसं अक्षर. भांडं एखाद्या मुलीसाठी आहे असं कळलं की नावापुढे तो पाच पाकळ्यांचं एक फूल काढून द्यायचा, फुकट. बाया त्या फुलासाठी आमच्याच दुकानात यायच्या.

पुढे मला त्या आवाजाची सवय झाली. इतकी की मशीन बंद असलं तर आज गिऱ्हाईक नाही वाटतं, असं मनात यायचं. मग आमची मुलगी नववीत असताना एक उन्हाळा असा आला की तेव्हापासून तो आवाज मला पुन्हा सोसेनासा झाला.

ते दोन हजार तीन-चारच्या सुमाराचं असेल. गावात नेट कॅफे निघाले होते. बस स्टँडकडून बाजारात येताना एक लागायचा. आत प्लायवूडच्या खोपट्या आणि प्रत्येक खोपटीला पडदा. मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी तिथे जाऊ लागल्या होत्या, शाळेच्या प्रोजेक्टसाठी म्हणून. एक दिवस मी भाजी घेऊन येताना दारात थांबून बघितलं. एका पडद्याखालून दोन जोडी चपला दिसल्या. मला काय वाटलं ते सांगायची गरज नाही. घरी येऊन मी जाहीर केलं की आपली पोरगी त्या जागी पाऊल टाकणार नाही, आणि तिला शिकायचंच असेल तर कॉम्प्युटर घरी येईल.

नवऱ्याला वाटलं होतं, मी म्हणेन आणि विसरेन. मी विसरत नाही. माझ्या स्वभावाचं वर्णन सासूबाई करायच्या ते असं, की हिच्या डोक्यात खिळा गेला की भिंत पडेल पण खिळा निघायचा नाही. दोन महिन्यांत कॉम्प्युटर आला. आता तो ठेवायचा कुठे, यावर खल झाला. मुलीला मागच्या खोलीत हवा होता, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर. मी म्हटलं, दुकानात. सगळ्यांच्या देखत. गल्ल्यावर बसलेल्या बापाला कॉम्प्युटरचा पडदा दिसला पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे. चोरून करण्यासारखं काही नसेल तर उघड्यावर बसायला काय हरकत आहे, असं मी तिला वर विचारलंही. घागरी रचून ठेवायच्या कोपऱ्यात टेबल लागलं. कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून मी क्रोशाचं कव्हर विणलं. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आजूबाजूच्या बायांना मी सांगत असे की पोरांना वळण लावायचं तर असं, नजरेखाली.

नेट लावलं की दुकानाचा फोन अडकायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण नवरा काही बोलत नसे. संध्याकाळी ट्यूशनवरून आली की ती तासभर बसायची. दहा बोटांनी टाइप करायला ती आपली आपण शिकली. तिची बोटं त्या कीबोर्डवर चालू लागली की माल बघायला आलेली माणसं थांबून बघायची. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते मी त्याच्या तोंडावर फार वेळा बघितलेलं नाही.

एकदा मीच त्याला विचारलं की ही रोज एवढं काय लिहिते. तो म्हणाला, "तू काऊन घाबरून राह्यली? पोरगी माह्या नजरेसमोर हाये."

होतीच. हे मला नंतर कितीदा तरी आठवलं. ती जे लिहायची ते आपलं मराठीच होतं, फक्त इंग्रजी अक्षरांत. नवरा दहावी शिकलेला, मी बी.ए. झालेली. आमच्यापैकी कोणीही मागे उभं राहून चार ओळी जुळवल्या असत्या तरी सगळं कळलं असतं. पण आम्ही बोटांचा वेग बघत होतो. मी पडद्याआडून यायची, चहा झाला का विचारायची, आणि पोरगी सगळ्यांसमोर बसली आहे हे बघून परत जायची.

ती एका चॅट रूममध्ये जात होती. तिथे खरं नाव कोणीच लिहीत नाही, म्हणून तिनंही एक नाव घेतलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. तिथे तिला एक मित्र मिळाला होता. अमरावतीचा, अकरावीतला, असं त्याचं म्हणणं. त्यालाही गणित आवडायचं. त्याचीही आई कटकट करायची. त्यानं विचारलं, तुझे बाबा काय करतात. आता दुकानदाराच्या घरातल्या मुलीला हे कोणी विचारलं तर ती काय करेल? ती बोलायला लागल्यापासून तिच्या बापानं तिला गाडीत, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत एकच शिकवलं होतं. कोणी चौकशी केली की दुकानाचं नाव सांगायचं, चौक सांगायचा, शेजारी काय आहे ते सांगायचं, आणि या कधी आर्वीला असं म्हणायचं. कोण कधी गिऱ्हाईक होईल सांगता येत नाही. पाच वर्षांची असताना एस.टी.त एका म्हाताऱ्याला तिनं असा पत्ता सांगितला होता आणि तो पुढच्याच आठवड्यात येऊन पाण्याचा पितळी गुंड घेऊन गेला होता. ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना रंगवून सांगायचो, ती समोर उभी असताना.

तर तिनं सांगितलं. दुकान, चौक, शेजारचं कापडाचं दुकान, सगळं. माझे बाबा भांड्यावर कोणतंही नाव घालून देतात, मुलींसाठी फूलही काढतात, हेही सांगितलं. या कधी आर्वीला, असंही म्हणाली.

वैशाखातली दुपार होती. लग्नाच्या गर्दीचा दिवस. एक माणूस दुकानात आला आणि त्यानं एक पेला घेतला. एकच. एका पेल्यावर नाव घालून घेणारं गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचितच येतं. नवऱ्यानं विचारलं, कोणासाठी. तो म्हणाला, पुतणीसाठी. नाव त्यानं एका चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. नवऱ्यानं ते घातलं, आणि पुतणी आहे म्हणून पुढे फूल काढलं. माणूस बाहेरगावचा दिसला म्हणून रीतीप्रमाणे पाणी दिलं, चहा मागवला. चहा पिता पिता त्या माणसानं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघून विचारलं, हा कोण चालवतो. मग काय, बापाला तेवढंच पाहिजे होतं. नववीत आहे, वर्गात पहिली येते, पाचला ट्यूशन सुटते, साडेपाचपर्यंत येईल, थांबत असाल तर बघा तिचा हात कसा चालतो. माणूस म्हणाला, नाही, गाडी आहे. तो गेला आणि पेला कॉम्प्युटरच्या टेबलावर राहिला.

मुलगी आली तेव्हा मी आत पोळ्यांची कणीक भिजवत होते. नवरा पेला घेऊन आत आला. कोणीतरी विसरून गेला, नाव काही गावातलं वाटत नाही, तो परत येईल तेव्हा सापडावा म्हणून जरा वर ठेव, असं मला म्हणाला. मुलीनं पाणी प्यायला हात पुढे केला होता. तिनं तो पेला घेतला, फिरवला, नाव वाचलं. मी बघत होते. आधी ती हसली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण ती हसली होती, एखादं बक्षीस मिळाल्यासारखी. मग तिनं बापाला विचारलं, "बाबा, कसा होता तो पोरगा?"

"पोरगा कायचा? माह्याच वयाचा असन. कानापाशी केस पिकून गेलते."

तिनं पेला ओट्यावर ठेवला. फार हळू ठेवला. आवाज होऊ नये म्हणून आपण ठेवतो तसा.

नवरा पुढे दुकानात गेला. ती तिथेच उभी राहिली. आणि मग तिनं आपणहून मला सगळं सांगितलं. पेल्यावरचं नाव तिचंच होतं, चॅट रूममध्ये घेतलेलं. मी विचारलंही नव्हतं. अर्ध्या तासात, अडखळत, पण काही न गाळता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्यानंतर मी जे केलं ते याच्यासमोर ठेवून बघायला हवं. पंधरा वर्षांची मुलगी भीतीनं पांढरी पडली होती आणि तिच्या आईपाशी आली होती. माझा कणकेचा हात तसाच उठला आणि तिच्या गालावर बसला.

मी म्हणाले, "आता तुहं सगळं बंद."

खरं तर मी घाबरले होते. पण घाबरले असं म्हणता येईना, म्हणून रागावले. राग मला नेहमीच जवळचा. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चपला घालून बस स्टँडवर गेला. वर्ध्याची गाडी सुटलेली, अमरावतीची सुटलेली. तो तासाभरानं आला आणि गल्ल्यामागे बसून राहिला. मी त्याला विचारलं, माणूस कसा होता, नीट सांगा. आणि तेव्हा एक गोष्ट कळली जिच्यामुळे पुढची कित्येक वर्षं माझी झोप उडाली. त्याला चेहरा आठवत नव्हता. पेला आठवत होता. जाड बुडाचा, गोल काठाचा, त्या मापाचे चारच उरले होते. चिठ्ठीवरचं अक्षर आठवत होतं. चहा कमी साखरेचा मागितला हेही आठवत होतं. पण नाक, डोळे, उंची, काही नाही. दिवसाला दोनशे गिऱ्हाइकं बघणारा माणूस मालाकडे बघतो. तो रडकुंडीला आला. मग म्हणाला की फूल मी माझ्या हातानं काढलं. ते त्यानं दोन-तीनदा म्हटलं.

पोलिसांत जावं असं मी म्हटलं नाही आणि त्यानंही म्हटलं नाही. चौकी बाजारातच. सकाळी गेलो असतो तर दुपारी सगळ्या गावाला कळलं असतं, आणि कळलं असतं ते त्या माणसाबद्दल नव्हे, आमच्या मुलीबद्दल. आम्हाला तो माणूस सापडण्यापेक्षा हे झाकणं जास्त गरजेचं वाटलं. तसं वाटलं ते वाटलं. आता त्याला दुसरं नाव देऊन उपयोग नाही.

कॉम्प्युटर माझ्या भावाकडे समुद्रपूरला गेला. ट्यूशन सुटली. शाळा तेवढी राहिली, पण सोडायला मी आणि आणायलाही मी. मैत्रिणींकडे जाणं बंद, दुकानात बसणं बंद. ती तक्रार करत नसे. तिनं एकदाही कटकट केली नाही याचं मला समाधान वाटत होतं. पोरगी सुधारली, असं मी नवऱ्याला म्हणाले होते.

आणि मी पडद्याआड बसू लागले. दुकानात आलेल्या प्रत्येक अनोळखी पुरुषाकडे बघत. चेहरा नव्हता, त्यामुळे तो कोणाचाही असू शकत होता. कानापाशी पिकलेले केस आर्वीत किती माणसांना असतील? गॅसवाला, विम्याचा एजंट, बाजार समितीत सोयाबीन विकून मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेला शेतकरी. एकानं एकदा चहात साखर कमी मागितली तर मी पडदा बाजूला करून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो बिचारा बायकोसोबत आला होता. तिनं मला वेडी ठरवलं असेल. मशीन घर्र करायला लागलं की मी आतलं काम टाकून बाहेर यायची, कोणाचं नाव चाललं आहे ते वाचायची, आणि मगच आत जायची. नवऱ्याला हे कळत होतं. पुढे पुढे तो चिठ्ठी आधी मला आत आणून दाखवू लागला. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

बारावीनंतर ती नागपूरला शिकायला गेली. मी अडवलं होतं. नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं नाही. शिकायलाही तिनं कॉम्प्युटरच घेतला. यायची सणावारी, दोन दिवस, छान बोलायची, हसायची, आणि काय चाललं आहे विचारलं की सगळं ठीक आहे म्हणायची. तिच्या बोलण्यात मला कधी काही खटकलं नाही.

महालक्ष्म्यांसाठी एकदा आली होती. जेवणाच्या आदल्या दिवशी सोळा भाज्या निवडायला आम्ही दोघी मागच्या खोलीत बसलो होतो. शेजारच्या घरात नवा कॉम्प्युटर आला होता, त्यांची मुलगी आठवीत. मी सहज बोलून गेले की त्यांना सांगायला हवं, आपण वेळेवर बंद केलं म्हणून निभावलं, तो माणूस पुन्हा फिरकला नाही.

ती गवारीच्या शेंगा मोडत होती. मोडता मोडताच म्हणाली, "फिरकला होता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

मग तिनं सांगितलं. त्याच पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्यावर. मी तिला घेऊन घरी येत होते. चौकाच्या अलीकडे एका माणसानं मला थांबवून वर्ध्याची गाडी कुठे लागते ते विचारलं. मी हात करून दाखवलं, डावीकडे वळा म्हणाले, आणि पुढे झाले. ती एक पाऊल मागे होती. त्यानं तिला त्या नावानं हाक मारली. हळू, फक्त तिला ऐकू येईल एवढ्यानं. मग तो गेला, मी दाखवलेल्या बाजूला.

मी आठवून बघितलं. आजही बघते. रस्ता विचारणारी किती माणसं भेटली असतील त्या दिवसांत, आणि सगळ्यांना मी सांगितलाच असेल. एकही चेहरा येत नाही. म्हणजे मी त्याच्याशी बोलले होते, त्याच्या डोळ्यांकडे बघून. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. आणि मी पडद्याआड बसून त्याची वाट बघत राहिले.

मी विचारलं, "मंग तू बोलली काऊन नाई?"

तिनं हातातली शेंग मोडली. राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं.

"आई, तो तं निंगून जाणार होता. तुले सांगितलं असतं तं माही शाळा गेली असती."

तिला दोन माणसांची भीती होती, आणि त्यातल्या ज्या माणसाची जास्त भीती वाटायची त्याचाच हात धरून ती त्या दिवशी मुकाट्यानं घरी आली होती. आली, जेवली, अभ्यासाला बसली. मी त्या संध्याकाळी तिला काय वाढलं असेल, काय बोलले असेन, काही आठवत नाही. बहुतेक काहीच वेगळं नसेल.

मग मी विचारलं की त्यानंतर तो कधी दिसला का. नागपूरला, कुठेही.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती हसली आणि म्हणाली, "नाई, आई. कधीच नाई."

मला ते खरं वाटावं, असं तिला फार वाटत होतं. मी बरं म्हटलं आणि भाजी निवडू लागले.